चार वर्षं पुढचे आकडे हातात आले तो दिवस

३१ मे २०२२. स्कॉटिश सरकार रिसोर्स स्पेंडिंग रिव्ह्यू, म्हणजे रोजच्या खर्चाचा पुढच्या काही वर्षांचा आराखडा जाहीर करणार होतं, आणि आमच्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या फायनान्स टीममध्ये त्या दिवशी कुणाचंच दुसऱ्या कामात लक्ष नव्हतं. असा अनेक वर्षांचा रिव्ह्यू याआधी २०११ ला झाला होता, त्यानंतर दरवर्षी एकाच वर्षाचं बजेट. म्हणजे सरकारकडून किती पैसे मिळणार तो आकडा डिसेंबरच्या आसपास कळणार, ११ मार्चच्या आत कौन्सिल टॅक्स (कौन्सिलचा घरांवरचा कर) ठरवायचा आणि १ एप्रिलला नवीन वर्ष सुरू, तेवढ्यात शाळा, वृद्धांची देखभाल, रस्ते, लायब्ररी सगळं बसवायचं.

याचा खरा त्रास छोट्या संस्थांना होतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसणारी, त्यांना बाहेर घेऊन जाणारी एक संस्था आमच्या ग्रँटवर चालते. तेव्हा तिचं काँट्रॅक्ट दर ३१ मार्चला संपायचं, पुढचं मिळेल की नाही माहीत नसायचं, म्हणून ती चालवणाऱ्या बाई दर हिवाळ्यात आपल्याच लोकांना नोकरी जाऊ शकते अशी पत्रं द्यायच्या. मार्चमध्ये पैसे मंजूर व्हायचे हो, पण तोवर चांगली माणसं दुसरीकडे गेलेली असायची आणि त्या आजीआजोबांकडे परत नवीन चेहरा.

तर तेव्हाच्या स्कॉटिश अर्थमंत्री केट फोर्ब्स यांनी रिव्ह्यू मांडला, डॉक्युमेंट आलं आणि आम्ही बाकी सगळं सोडून आधी टेबल उघडलं. लोकल गव्हर्नमेंटची, म्हणजे सगळ्या कौन्सिलांना मिळून मिळणाऱ्या पैशाची ओळ: साधारण १०.६ बिलियन पौंड, पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढे तेच, आणि २०२६-२७ मध्ये १०० मिलियन जास्त. एप्रिलची महागाई ९ टक्के होती! मी तोच आकडा आमच्या शीटमध्ये टाकला, खाली पगार, वीज, गॅस वाढवत नेले आणि तिसऱ्या वर्षाला जी तूट दिसली ती बघून माझी मॅनेजर खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसली, म्हणाली पगारवाढ दोन टक्के धरलीयेस, ती पाच धरून बघ. बघितलं. तिचंच बरोबर निघालं, कारण त्या वर्षी दोन टक्क्यांच्या ऑफरवरून ऑगस्टमध्ये एडिनबरात कचरा उचलणाऱ्यांचा संप झाला आणि ऑफर वाढवावी लागली.

आता हे आकडे तरी कितपत पक्के? स्कॉटलंडच्या पैशाचा मोठा भाग लंडनहून, यूके सरकारकडून ब्लॉक ग्रँट म्हणजे एकत्रित अनुदान म्हणून येतो, आणि त्यातली वाढ बार्नेट फॉर्म्युल्याने ठरते, म्हणजे इंग्लंडमध्ये हॉस्पिटल, शाळांवर खर्च वाढला की लोकसंख्येच्या प्रमाणात हिस्सा इकडे. लंडनने ऑक्टोबर २०२१ ला आकडे दिले होते ते २०२४-२५ पर्यंतचे. आमच्या टेबलमधली शेवटची दोन वर्षं त्याच्या पलीकडची, तिथे निव्वळ अंदाज. शिवाय इन्कम टॅक्सचा अंदाज चुकला तर त्याचा हिशोब जवळपास तीन वर्षांनी बजेटमध्ये उतरतो, आणि रोजच्या खर्चासाठी कर्ज काढायचं तर त्यालाही ठरलेली मर्यादा. त्यामुळे हे आकडे म्हणजे वचन नाही हे आम्हाला त्याच दिवशी माहीत होतं.

तरीही मला ते हवेच होते, आणि आजही असंच वाटतं की वाईट आकडासुद्धा आधी कळलेला बरा. तूट तीन वर्षं आधी दिसली तर कुठली इमारत सोडायची, कुठली सेवा वाचवायची यावर लोकांशी बोलायला वेळ मिळतो. फेब्रुवारीत कळलं तर जे पटकन कापता येतं तेच कापलं जातं, आणि पटकन कापता येते ती नेमकी अशा संस्थांची ग्रँट.

त्या संध्याकाळी आम्ही कमिटीसाठी बरा, मधला आणि वाईट असे तीन अंदाज बनवले, आणि म्हटलं की वाईटातही ज्या सेवा ठेवणारच आहोत त्यांना आत्ताच तीन वर्षांचं काँट्रॅक्ट द्या, सरकारी पैसा ठरावीक मर्यादेपलीकडे घसरला तर परत बसून बोलू अशी अट टाकून. सप्टेंबरमध्ये, तोवर अर्थखातं सांभाळायला लागलेले जॉन स्विनी यांनी सरकारी खर्चात ५०० मिलियन पौंडांहून जास्त बचत जाहीर केली तेव्हा काही नगरसेवक म्हणाले, बघा, आता कशाला हात बांधून घ्यायचे. बरीच वादावादी झाली. शेवटी थोड्याच सेवांना तीन वर्षं मिळाली, त्यात ती म्हाताऱ्या माणसांची संस्था होती. बाकीच्या अजून डिसेंबरची वाट बघतात.