पट्टी काळी चार : नॅशव्हिलमधले दोन दिवस

मावशीने सांगलीत चाळीस वर्षं पेटीची साथ केली. नाट्यसंगीताच्या मैफली, भजनी मंडळं, गणपतीतले कार्यक्रम, सगळीकडे. यंदा सप्टेंबरात आम्ही दोघी अटलांटाला ताईकडे आलो, आणि संध्याकाळी ताई ऑफिसमधून यायच्या आधी एक मालिका बघायची सवय लागली. मालिकेचं नाव 'नॅशव्हिल', अमेरिकेतल्या त्याच नावाच्या शहरातल्या गायकांची गोष्ट. मी ती पूर्ण बघितलेली होती. मावशीसाठी पुन्हा पहिल्यापासून लावली, रोज दोन भाग.

रेना जेम्स ही कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या लोकसंगीतातून आलेली गाणी गाणारी, चाळिशीतली गायिका. वीस वर्षं नाव कमावलेलं, पण नवा अल्बम खपत नाहीये. ज्युलिएट बार्न्स विशीतली, स्टेडियम भरवणारी. पहिल्याच भागात रेकॉर्ड कंपनीचे लोक रेनाला सांगतात, ज्युलिएटच्या दौऱ्यात तिच्या आधी गा, नाहीतर दौरा विसर. कॉनी ब्रिटन आणि हेडन पॅनेटिअर या दोघींनी ती कामं केली आणि गाणी स्वतः गायली. कॅली खौरी यांची ही मालिका 2012 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. चार सीझननंतर एबीसी वाहिनीने ती बंद केली, तेव्हा सीएमटी या वाहिनीने उचलली आणि 2018 पर्यंत चालवली. पुढेपुढे तिच्यात अपघात आणि आजारपणं फार झाली, कथा त्यांच्या ओझ्याखाली वाकली असं माझं मत आहे. गाणी मात्र शेवटपर्यंत उत्तम राहिली, कारण ती नॅशव्हिलमधल्याच गीतकारांकडून घेतलेली होती.

मला पहिल्यांदा बघताना ही दोन गायिकांची स्पर्धा वाटली होती. मावशीने तिसऱ्या दिवशीच वेगळं काही सांगितलं. "अगं, या दोघी नावासाठी भांडत नाहीयेत. त्या डेकनसाठी भांडतायत." डेकन क्लेबोर्न म्हणजे रेनाचा गिटारवाला. तिच्याबरोबर गाणी लिहिणारा, तिच्या मागे उभा राहणारा. ज्युलिएट त्याला आपल्याकडे ओढू बघते. "गाणाऱ्याला दुसरा गाणारा चालतो," मावशी म्हणाली, "पण आपला साथीदार कुणी नेला, तर ते नाही सोसवत."

त्याच रात्री आम्ही नॅशव्हिलला जायचं ठरवलं.

अटलांटाहून साधारण चारशे किलोमीटर. चॅटनुगा मागे पडलं की घड्याळ एक तास मागे जातं, मग मॉन्टईगलचा घाट लागतो. ऑक्टोबर असल्यामुळे डोंगर तांबूस-पिवळे झाले होते. ताई गाडी चालवत होती, मी मागे, मावशी पुढे खिडकीशी.

पहिली दुपार ब्रॉडवेवर गेली. हा रस्ता म्हणजे बारच बार, प्रत्येकात सकाळपासून बँड, आणि आत जायला बहुतेक ठिकाणी पैसे नाहीत. गाणं झालं की बँडमधलंच कोणीतरी बादली घेऊन टेबलांमधून फिरतं, लोक त्यात नोटा टाकतात. मावशीने प्रत्येक ठिकाणी टाकल्या. टूट्सीज या जांभळ्या रंगाच्या बारच्या मागची गल्ली ओलांडली की रायमन सभागृहाची भिंत येते. रायमनमध्ये कार्यक्रम चालू असताना मोठमोठे गायक मधल्या वेळात याच गल्लीतून टूट्सीजमध्ये यायचे.

रायमन मूळचं प्रार्थनागृह. टॉम रायमन या बोटींच्या मालकाने एका धर्मोपदेशकाच्या प्रवचनाने भारावून ते बांधायला घेतलं, 1892 मध्ये पूर्ण झालं. आजही खुर्च्या नाहीत, चर्चसारखी लांब लाकडी बाकंच आहेत. 1943 ते 1974 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओवरचा गाण्यांचा कार्यक्रम इथून व्हायचा. 1925 पासून तो आजतागायत चालू आहे. ऑप्री नव्या इमारतीत गेली तेव्हा या मंचाच्या लाकडाचा एक गोल तुकडा कापून तिकडच्या मंचात मधोमध बसवला. गाणारा त्या लाकडावर उभा राहून गातो. हे ऐकल्यावर मावशीने बाकाच्या कडेवरून हात फिरवला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला.

तिथे बसल्याबसल्याच तिला 'मानापमान' या संगीत नाटकाचा संयुक्त प्रयोग आठवला. तिच्या वडिलांकडून ऐकलेली गोष्ट. 8 जुलै 1921, मुंबईचं बालीवाला थिएटर. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या दोन कंपन्या, टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच मंचावर. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. "तेव्हा कोण सरस ठरलं यावर लोक अजून बोलतात," मावशी म्हणाली. "त्या रात्री पेटीवर कोण, तबल्यावर कोण, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंट्री म्युझिक संग्रहालयाच्या बसने आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओ बीमध्ये गेलो. 1957 चा हा स्टुडिओ. एल्विस प्रेस्लीने इथे दोनशेहून जास्त गाणी ध्वनिमुद्रित केली. खोली आपल्या एखाद्या शाळेच्या वर्गापेक्षा फार मोठी नाही. तिथे आमच्या गाईडने एक कागद दाखवला. वर गाण्याचं नाव, खाली नुसते आकडे. 1 4 1 5. कुठे 6 आणि त्यापुढे छोटी आडवी रेघ.

ही नॅशव्हिलची आकड्यांची पद्धत. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकांच्या चमूतल्या नील मॅथ्यूज यांनी ती काढली आणि चार्ली मॅकॉय यांच्यासारख्या वादकांनी रुजवली. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले दोन-तीन स्वर. तिचं नाव लिहायचं नाही, गाण्याच्या पट्टीत, म्हणजे जिथे सा धरलाय तिथून, तिचा क्रमांक लिहायचा. आडवी रेघ म्हणजे मायनर, कॉर्डचा उदास वाटणारा प्रकार. गायिका ऐन वेळी म्हणाली की आज गळा उतरलाय, गाणं खाली घ्या, तर कागद बदलावा लागत नाही. 1 कुठे धरायचा तेवढं ठरवायचं, बाकी आकडे तेच.

गाईडचं बोलणं मी मावशीला मराठीत सांगत होते. माझं वाक्य संपायच्या आत ती म्हणाली, "म्हणजे सा बदलायचा. सरगम तीच!" तिच्याकडे कॉर्ड नसतात, एकेक स्वर असतो, हा फरक आहेच. पण काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरलेली असताना, तिथून पांढरी पाचवर यायचं तर बोटं कुठे सरकवायची, हे तिला झोपेतही येतं. कागद काचेच्या आत होता. तिने काचेवर बोट ठेवून सगळी ओळ 'सा, म, सा, प' अशी वाचून दाखवली. गाईडला मी भाषांतर करून सांगितलं, तेव्हा त्यांनी तिला ती पुन्हा म्हणायला लावली.

संध्याकाळी ब्लूबर्ड कॅफे. मालिकेत जिथे गीतकार गातात, ती जागा. मालिकेसाठी तिची हुबेहूब प्रतिकृती सेटवर उभारली होती, पण ही मूळची, 1982 ची. हिल्सबरो रस्त्यावर, पार्किंगसमोरच्या छोट्या दुकानांच्या रांगेत, वर निळं छत. आत जेमतेम नव्वद माणसं मावतात. मालिकेनंतर इथे एवढी गर्दी वाढली की बुकिंग उघडलं त्या मिनिटाला ताई दोन लॅपटॉप घेऊन बसली होती.

मंच बाजूला राहतो. खोलीच्या मधोमध चार खुर्च्या, एकमेकांकडे तोंड करून, आणि आपण त्यांच्या भोवती. 1985 मध्ये चार गीतकारांनी ही प्रथा सुरू केली. एकाने गायचं, मग पुढच्याने. बोलायचं नाही, कुजबुज केली तरी कोणीतरी ओठांवर बोट ठेवतं. आमच्या टेबलापासून सर्वांत जवळच्या गिटारची मान हातभर अंतरावर होती. तिच्या लाकडावर बोटांच्या घासण्याने रंग उडून पांढुरका पट्टा पडलेला.

त्या गिटारवाल्या बाई पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी एक गाणं गायलं आणि आधी एवढंच सांगितलं, की हे दुसरीच्या आवाजात गाजलं. दुसऱ्या कडव्यात शेजारच्या माणसाने, कुणी न सांगता, खालचा सूर धरला. तिसऱ्यात समोरचाही आला. मावशीचा डावा हात मांडीवरच्या पर्समागे गेला आणि भाता मारल्यासारखा हळूहळू हलायला लागला.

बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर तिने सांगितलं. ज्या बाईंबरोबर तिने अठरा वर्षं साथ केली, त्यांना सोडून ती एका तरुण गायिकेबरोबर गेली होती. त्या मुलीचे दौरे जास्त होते, मावशीच्या घरी पैशांची गरज होती. बाई काही बोलल्या नाहीत. नंतर भेटल्या की नमस्कार करायच्या, एवढंच. मला हे आजवर माहीत नव्हतं. ताईलाही.

"मावशी, सांगलीत आता सकाळचे साडेसात वाजलेत," ताई म्हणाली. "लाव फोन."

"इतक्या वर्षांनी काय बोलू गं?"

"नंबर आहे ना?"

नंबर होता. मावशी निळ्या छताच्या उजेडात उभी राहिली आणि आम्ही दोघी गाडीशी थांबलो. पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. मावशीने नाव सांगितलं, अमेरिकेत आहे म्हणाली, मग बराच वेळ नुसतं हं, हं. मग विचारलं, "बाई, पट्टी अजून काळी चारच का?"

थोडं थांबून ती म्हणाली, "पांढरी चार? चालेल की. मी काय, खाली घेईन."