न्योर्डलिंगेन : विवराच्या पोटातले गाव

जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या पश्चिम सीमेलगत, डोनाउ-रीस जिल्ह्यात, न्योर्डलिंगेन हे गाव एका अशनिविवराच्या आत वसलेले आहे. मात्र विवर पाहायला म्हणून आलेल्या माणसाला स्टेशनाबाहेर पडल्यावर सपाट जमिनीवरचे एक नीटनेटके गाव तेवढे दिसते. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असल्याने काठावर उभे राहिले की एका नजरेत मावते. इथल्या विवराचा, म्हणजे रीसचा, व्यास सुमारे २४ किलोमीटर आहे. म्हणून इथे आधी उंचावर जावे आणि मगच खाली हिंडावे, असा माझा आग्रह राहील.

उंचावर म्हणजे सेंट जॉर्ज चर्चच्या ९० मीटर उंचीच्या ‘डॅनियल’ मनोऱ्यावर. सुमारे ३५० पायऱ्या आहेत आणि जिना पुढे पुढे अरुंद होत जातो. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी याचा विचार आधीच करावा. वरून लाल कौलांचे जवळजवळ वर्तुळाकार गाव, त्याभोवती शेते आणि क्षितिजावर झाडीने झाकलेल्या टेकड्यांची कडा दिसते. ती कडा म्हणजे विवराचा काठ. गावाचा गोल आकार पाहून तटबंदीलाच विवराचा काठ समजणारे पर्यटक बरेच भेटतात, पण तो गोल निव्वळ माणसांनी आखलेला आहे.

सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अंदाजे एक किलोमीटर व्यासाचा अशनी इथे आदळला. नंतर खड्ड्यात सरोवर साचले, ते गाळाने भरत गेले आणि आजची सुपीक सपाटी तयार झाली. आघातात वितळून-चुरडून पुन्हा घट्ट झालेल्या ‘स्युवाइट’ या दगडातच सेंट जॉर्ज चर्च बांधलेले आहे. भिंतीजवळ जाऊन पाहावे: राखाडी दगडात काळपट काचेचे चपटे तुकडे रुतलेले दिसतात आणि काही ठिकाणी ते गळून पडल्याने खळगे उरले आहेत. हा दगड ज्वालामुखीच्या राखेतून बनल्यासारखा दिसत असल्याने रीस हा ज्वालामुखीच असावा, असे अनेक भूवैज्ञानिक दीर्घकाळ मानत होते. १९६० साली भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांना जवळच्या ओटिंग गावातील दगडखाणीच्या नमुन्यांत कोएसाइट हे अशनीच्या आघातासारख्या प्रचंड दाबाखाली तयार होणारे खनिज सापडले आणि वाद मिटत गेला. १९७० मध्ये अपोलो १४ मोहिमेचे अंतराळवीर चंद्रावरचे खडक कसे ओळखायचे हे शिकायला इथे आले होते. रीस क्रेटर संग्रहालयात चंद्रावरून आणलेला एक दगड ठेवलेला आहे. सोमवारी संग्रहालय बंद असते.

१८०३ च्या सुमारास बव्हेरियात विलीन होईपर्यंत हे गाव थेट पवित्र रोमन सम्राटाच्या अखत्यारीतले स्वतंत्र नगर होते. १६३४ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, गावाजवळच्या टेकड्यांवर सम्राट आणि स्पेन यांच्या संयुक्त फौजांनी स्वीडिश फौजेचा दारुण पराभव केला. त्यानंतर व्यापार खालावला, गाव तटाबाहेर फारसे वाढले नाही आणि बहुधा म्हणूनच सुमारे २.७ किलोमीटरची तटबंदी पाच वेशींसह शाबूत राहिली. तिच्यावरून पूर्ण फेरी मारता येते, पैसे पडत नाहीत आणि वाटेवर छप्पर असल्याने पावसाळी दिवस वाया जात नाही.

जिल्ह्याचे मुख्यालय मात्र इथे नसून डॅन्यूबकाठच्या डोनाउव्योर्थला आहे. १९७२ च्या पुनर्रचनेत दोन्हीकडचे प्रदेश एकत्र आले. म्युनिककडून येणाऱ्यांना गाडीही तिथेच बदलावी लागते. त्याच मार्गावर हारबुर्ग आहे. वोर्निट्झ नदीवरच्या कड्यावरचा तिथला किल्ला पाहायला अर्धा दिवस राखून ठेवावा. बायर्न-टिकीट हे बव्हेरियातल्या प्रादेशिक गाड्यांचे दिवसभराचे तिकीट कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच चालते. चौघे-पाचजण असाल तर तेच स्वस्त पडते. ओटिंगच्या खाणीसाठी मात्र स्वतःचे वाहन किंवा सायकल बरी, कारण खेड्यांकडच्या बस मोजक्याच असतात.

शक्य असल्यास रात्री मुक्काम करावा. रात्री दहा ते बारा या वेळेत मनोऱ्यावरचा पहारेकरी दर अर्ध्या तासाने ‘झो, क्सेल, झो’ अशी हाक देतो. ती चर्चभोवतीच्या गल्ल्यांतून स्पष्ट ऐकू येते, त्यामुळे खोली तटाच्या आतलीच घ्यावी.