कोपऱ्यातले पांढरे घर

रविवार, रात्री ११. गंगापूर रोड, नाशिक.

आज दुपारी शेजारच्या तेरा वर्षांच्या मुलीशी खेळलेला बुद्धिबळाचा डाव ६८व्या खेळीला बरोबरीत सुटला, आणि अजून तो पट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी २०२३ मध्ये ग्रँड स्विस ही स्पर्धा जिंकून पुढच्या वर्षी टोरांटोला जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा खेळायला गेला, तेव्हापासून ती मन लावून बुद्धिबळ शिकते आहे.

पांढरी मोहरी माझ्याकडे होती आणि पहिली चाल नेहमीचीच, बी४, म्हणजे डावीकडून दुसऱ्या उभ्या रांगेतले (बी) प्यादे चौथ्या घरात. सावेली तार्ताकोवर १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत गेझा मारोत्सीविरुद्ध हीच चाल खेळला आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयात पाहिलेल्या ओरांगउटानचे नाव तिला मिळाले. तो डाव तो हरला. तरी या चालीवरचा माझा लोभ कमी होत नाही. मुलीने ई५ खेळून उत्तर दिले, मी उंट बी२ वर आणला, तिने उंटाने बी४ वरचे प्यादे मारले आणि मी ई५ वरचे. कडेचे प्यादे देऊन मधले मिळवण्याचा हा सौदा मला फायद्याचा वाटतो, मात्र त्यात ए रांगेतले प्यादे एकटे पडते.

५५व्या खेळीला माझ्याकडे तोच काळ्या घरांचा उंट आणि ए व एच ही दोन प्यादी होती. तिच्याकडे घोडा आणि जी रांगेतले एक प्यादे. मी एच प्याद्याने ते मारले. ती बराच वेळ थांबली, तिने पटाच्या कोपऱ्यातल्या ए८ या घरावर बोट टेकवले, आणि मग घोड्याने माझे प्यादे मारले. माझ्या राजाने घोडा मारला तेव्हा डाव जिंकल्याचीच माझी समजूत होती.

"काका, तुमचा उंट काळ्या घरांवरचा आहे आणि ए८ पांढरे आहे," ती म्हणाली, आणि तिचा राजा थेट त्या कोपऱ्याकडे निघाला. माझ्या उरलेल्या ए प्याद्याला वजीर व्हायला ए८ वरच पोचायचे होते, आणि तिच्या राजाला तिथून हुसकावणे माझ्या उंटाला शक्यच नव्हते. शेवटी माझे प्यादे ए७ वर, राजा बी६ वर. तिच्या राजाला शह नाही आणि सरकायला घरही नाही, म्हणजे नियमाने बरोबरी.

घोड्याचा तो बळी ही डावातली सर्वांत सुंदर खेळी होती, असे मी तिला सांगितले. एच प्यादे मी जागेवर राखायला हवे होते. एच८ हे घर काळे आहे.