बेसमेंटमधली सायकल

टोरोंटोत नोव्हेंबर सरत आला की माझी सायकल बेसमेंटमध्ये उतरते. मागचं चाक काढून स्मार्ट ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या यंत्रावर, चढवली की मार्चपर्यंत मुक्काम तिथेच. सुरुवात एफटीपी टेस्टने, म्हणजे साधारण तासभर टिकेल एवढी ताकद मोजायच्या चाचणीने: 20 मिनिटं जीव खाऊन पेडल मारायचं, सरासरी वॅट्सचे 95 टक्के म्हणजे आपला आकडा. पुढचे सगळे इंटरव्हल, म्हणजे जोरात-हळू असे आलटूनपालटून टप्पे, त्यावरून ठरतात. ठरलेले वॅट्स काढूनच घेणारा ट्रेनरचा अर्ग मोड तर महाखडूस! पाय मंदावले की पेडल आणखी जड होतं. बाहेर उणे 15, आत मी घामाने निथळतेय. वारा नाही ना, म्हणून टेबलफॅन थेट तोंडावर. हँडलवर जुना पंचा, नाहीतर खारट घामाने बोल्ट गंजतात. रविवारी मात्र झोन टू, इतकं सावकाश की फोनवर आईशी गप्पा होतात.

"अगं, एवढं दामटतेस, पोचतेस कुठे?"