काखेत घट्ट होतंय? मुंढा खोल करू नका

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि लग्नसराई एकत्र आली की आमच्याकडे जळगाव-धुळ्यात ब्लाउज वेळेवर शिवून मिळणं कठीण, म्हणून मी माझे घरीच शिवते. बेतणं, टक्स (आकारासाठी आत दुमडून शिवलेल्या चिमट्या), हुकपट्टी, गळ्याची उरेब पट्टी हे सगळं हात बसला की होतं. गाडी अडते मुंढ्यापाशी, म्हणजे जिथे बाही जोडतात त्या काखेच्या गोलाईपाशी. आणि तिथे जी ती एकच सांगते, "काखेत घट्ट होतंय ना? मग मुंढा अर्धा इंच खोल कर." या सल्ल्याचा मला अजूनही राग येतो. त्यापायी चांगली कापडं वाया जातात, आणि एकदा कापलेला मुंढा परत वर घेता येत नाही.

मुंढा काखेच्या जितका जवळ, तितका हात मोकळा. तो खाली उतरवला की हात वर करताना बाहीबरोबर अख्खा ब्लाउज ओढला जातो. दोरीवर कपडे वाळत घालताना खालची पट्टी वर सरकते ती यामुळेच.

घट्ट वाटलं की मी आधी शिलाईबाहेरचं कापड बघते. मुंढ्याला इंचभर माया सोडली असेल तर ती काखेत गोळा होऊन टोचते आणि मुंढा लहान वाटतो. ती अर्ध्या इंचावर आणायची आणि काखेच्या गोलाईत शिलाईच्या जरा अलीकडे थांबून बारीक कट द्यायचे. परत घालून बघा, पुष्कळदा तक्रार इथेच मिटते.

नाही मिटली, तर दोन्ही हात पुढे घेऊन घडी घाला. मागच्या मुंढ्याची शिलाई ताणली तर पाठ अरुंद आहे. ब्लाउज उसवतो तोही तिथेच. पाठीला दोन्हीकडे पाव-पाव इंच वाढवा, मुंढ्याची खोली आहे तीच राहू द्या. दंडावर आडव्या रेघा ओढल्या जात असतील तर दोष बाहीचा. बाहीचा वरचा गोल फार उंच असला की दंडाला रुंदी कमी मिळते. गोल अर्धा इंच उतरवायचा आणि गोलाची लांबी तेवढीच ठेवून बाही दोन्हीकडे रुंद करायची. ही लांबी मोजताना टेप आडवी न टेकवता कडेवर उभी धरा, म्हणजे वळणावर माप चुकत नाही. सुती कापडात बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा अर्धा ते पाऊण इंच जास्त असावा. जरीच्या ताठ कापडात एवढं मावत नाही, पाव इंच पुरतो.

खरा घोळ मापातच असतो. फक्त छातीच्या मापाला भागून मुंढा काढायचा, हे मला पटत नाही. छाती 38 असलेल्या दोघींपैकी एकीची पाठ रुंद असते, दुसरीचा पुढचा भाग भरलेला. म्हणून टेप काखेतून, छातीच्या भरावाच्या वरून फिरवून आणखी एक माप घ्या. ते 34.5 आलं तर खांदा, पाठ आणि मुंढा 34.5 वर काढा, उरलेले 3.5 इंच फक्त पुढच्या कटोरीत (छातीवरच्या गोल तुकड्यात) किंवा टकात द्या. असं केलं की पुढचा मुंढा अंगापासून सुटून उघडा पडत नाही. तरी पडलाच, तर जास्तीचं कापड चिमटीत धरून मुंढ्याचा टक तेवढा वाढवायचा. यानंतर बाही एकही चुणी न पडता खांद्यावरून उतरते, आणि ते बघण्यासारखं सुख शिवणात दुसरं नाही.

हे सगळं आधी मांजरपाटावर करा. मशीनची टीप सर्वांत लांब ठेवा, उसवायला सोपी जाते. बाजूच्या शिलाईला इंचभर माया हवीच.

अस्तराचं सांगायचं राहिलं. आपल्या उन्हाळ्यात पॉलिस्टर अंगाला चिकटतं, सुतीच घ्या. बेतण्याआधी ते भिजवून, वाळवून, इस्त्री करा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरच्या कापडाला झोळ येतो आणि पुन्हा सगळ्या जणी मुंढ्यालाच दोष देतात.