तुराट्यांच्या जुड्या

दुसरीच्या लेकरांना हातचा शिकवायचा म्हणलं की आपण डायरेक्ट फळ्यावरच सुरू होतो, अन् लेकरू बिचारं नुसतं स्वतःच्या हाताकडं बघत बसतं. आमच्या लातूरकडं तूर निघाली की तुराट्यांना काय तोटा, बोटभर तुकडे करायचे (टोकं घासून घ्या, फास घुसते), अन् दहा-दहाच्या जुड्या लेकरांनाच रबर लावून बांधू द्यायच्या. आता 32 मधून 7 काढ म्हणलं की 3 जुड्या अन् सुट्ट्या काड्या असतात दोनच, मग एक जुडी सोडावीच लागते, सुट्ट्या झाल्या 12, त्यातल्या 7 गेल्या, राहिल्या 2 जुड्या अन् 5 काड्या, म्हणजे 25. निपुण भारत (लहान लेकरांना समजून वाचन अन् गणित यावं म्हणून केंद्र सरकारचं अभियान) 2021 पासून आहे, पण पाठांतराची हौस काय जात नाही राव. जुडी सोडायची घाई मात्र करू नका, लेकरालाच अडू द्या जरा.