जिऱ्याचा वास येतो, तो मुद्दामच

“एवढं महागाचं सेंट, आणि वास फोडणीचा?” लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, एकदा तर दातांच्या दवाखान्यात. हा प्रश्न मला नवा नाही. तुम्हीही परवा विचारलंत म्हणून नीट सांगते.

हो, जिरंच आहे ते. एर्मेस या पॅरिसच्या कंपनीचं ‘ओ देर्मेस’, 1951 सालचं. केलं एदमों रुदनित्स्का यांनी. पुढे 1966 मध्ये दिओरचं ‘ओ सोव्हाज’ही त्यांनीच केलं. एर्मेसची सुरुवात 1837 मध्ये घोड्यांच्या साजापासून झाली, म्हणून या अत्तराच्या तळाशी चामड्याचा वास आहे. वर लिंबू आणि बर्गामोट (लिंबाच्याच कुळातलं फळ), मध्ये वेलची, दालचिनी आणि ते बदनाम जिरं.

लिंबाची बाजू आपल्या ओळखीची आहे. लहानपणी ताप चढला की आई कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवायची, आठवतं? ते कोलन वॉटर म्हणजे जर्मनीतल्या कोलोन शहराची देणगी; तिथे 1709 मध्ये सुरू झालेली फरिनांची पेढी आजही आहे. बर्गामोट इटलीतल्या कॅलाब्रियाचं. अर्ल ग्रे चहाला जो वास असतो तो त्याचाच. आपल्याकडे ईडलिंबाची साल नखाने खरवडून बघा. तसंच नाही, पण त्याच गल्लीतलं.

पण नुसत्या लिंबाचं अत्तर मला इस्त्रीच्या सदऱ्यासारखं वाटतं. घडी छान, आत माणूस नाही. जिरं त्या सदऱ्यात माणूस घालतं, आणि तोही जरा घामेजलेला. खोटं कशाला बोलू, जिऱ्याच्या वासात घामाची छटा असतेच. वैशाखातल्या एका लग्नाला मी हे लावून गेले, तर शेजारच्या बाईंनी खुर्ची चक्क सरकवली. बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून फेब्रुवारी संपला की बाटली कपाटात जाते.

थंडीत मात्र गंमत बघा. लिंबाचे रेणू हलके, ते आधी उडतात. कोथरूडहून बसने डेक्कनला पोचेपर्यंत लिंबू जवळजवळ संपलेलं असतं आणि जिरं पुढे सरसावलेलं. नेमके तेव्हाच लोक भेटतात, आणि नाक मुरडतात! फोडणीतही जिरं तडतडतं तेव्हा ठसका लागतोच की, आमटी त्यानंतरची. तासाभराने वेलची वर येते, जिरं तिच्या मागे जाऊन बसतं. संध्याकाळी घरी आल्यावर मनगटावर उरतं ते उबदार चामडं, आजोबांच्या घड्याळाच्या पट्ट्यासारखं. माझे पैसे त्या संध्याकाळचे. दुकानात कागदाच्या पट्टीवर दोन मिनिटं हुंगून निकाल देणाऱ्यांना ती भेटतच नाही. (मीही पहिल्यांदा बाटली परत ठेवून आले होते. पट्टी पर्समध्ये राहिली, रात्री सापडली.)

तेव्हा एखाद्या शनिवारी सकाळी या. मनगटावर एक थेंब लावते, मग मंडईत भाजी घेऊन येऊ, जेवू. मत चार वाजता, चहा झाल्यावर द्या. तोवर हात मात्र धुवायचा नाही. म्हणजे मटार मीच सोलीन.